दुसरी झोळी

“लेकरू अंगावर असताना कोल्हा व्हायच्या भानगडीत पडू नकोस, अंजू,” वामनकाकांनी मला बजावलं होतं. “तू कितीही हुशारीने लपवलंस तरी लेकरू रडणार. ते रडलं की संपलं.”

मी मान डोलावली आणि ऐकलं नाही. बरंच केलं.

कोल्हा म्हणजे आमच्या क्लबचा खेळ. यवतमाळला आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब आहे. सरकारी परीक्षा देऊन लायसन काढलेली, आपापल्या घरून वायरलेस सेटवर बोलणारी माणसं. हिवाळ्यात एखाद्या रविवारी साबणाच्या वडीएवढा ट्रान्समीटर प्लॅस्टिकच्या डब्यात घालून कुठेतरी शेतात, रानात लपवायचा. तो थांबून थांबून टीटी-टी करत राहतो. बाकीच्यांनी हातात ॲण्टेना धरून, आवाज कुठल्या बाजूने मोठा येतो ते कानाने ऐकत त्याला हुडकायचं. डबा म्हणजे कोल्हा, आणि तो लपवणाऱ्यालाही आम्ही कोल्हाच म्हणतो. नियम दोन. माणूस चालत जाऊ शकेल अशाच जागी डबा ठेवायचा, आणि लपवणाऱ्याने डब्याच्या आसपास राहायचं, कारण मागे एकदा एका गुराख्याने तो भाकरीचा डबा समजून घरी नेला होता.

वामनकाका क्लबमधले सगळ्यात जुने. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला कडक. मी बी.एस्सी.ला होस्टेलवर होते तेव्हा लायसनच्या परीक्षेची तयारी त्यांनीच करून घेतली. त्यांच्या बायको, रत्नप्रभाकाकू, पोह्यांची बशी पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, आधी खा, मग टीटी-टी कर. काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. मूलबाळ नाही. काका एकटेच असतात.

पण माझं लपवायचं ठरलं ते हौसेपोटी नाही. मला सेट पाहिजे होता.

आमचा तांडा घाटंजीपासून आत. फोन लागतो तो टेकडीवर, तोही वारा-पाऊस नसेल तर. नाल्याला पूर आला की आम्ही तुटतो. मागच्या भादव्यात भर दुपारी चिमीला, माझ्या लेकीला, ताप चढला आणि तिचे डोळे फिरले. हातपाय ताठ. राजकुमार, माझा नवरा, फोन छातीशी धरून पावसात टेकडी चढत गेला. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि दारातून मला तो दिसत होता, घसरत होता, पुन्हा उठत होता. फोन लागला तेव्हा दिवस मावळायला आला होता. चिमी वाचली ती तिच्या नशिबाने. नशिबावर मी दुसऱ्यांदा भरवसा ठेवणार नव्हते. ती झोपली की मी अजूनही तिच्या नाकाशी बोट धरून पाहते. सासू हसते. हसू दे.

क्लबकडे एक जादा सेट होता, बॅटरी आणि सोलरच्या पाटीसकट. पावसाळ्यात तो जिल्ह्यात कुठे ठेवायचा यावर मीटिंग झाली. मी आमच्या तांड्याचं नाव सांगितलं. मंदारने बोरी अरबचं सांगितलं. मंदार यवतमाळला कोर्टात वकिली करतो, बोरी अरबला त्याच्या शेतावर पक्कं घर आहे. तिथे फोनला चारही दांड्या येतात हे मी बोलले. तो म्हणाला, वहिनी, प्रश्न नेटवर्कचा नाही, ऑपरेटरचा आहे. सेट चालवणारा माणूस मोकळा पाहिजे, तुमच्यामागे लहान मूल आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी काकांनी तोड काढली. दोघांनी एकेक रविवार कोल्हा व्हायचं, ज्याचा डबा जेवणाच्या वेळेपर्यंत सापडणार नाही त्याच्याकडे सेट. आणि लगेच मला बाजूला घेऊन वर सांगितलं ते बजावलं.

मंदारने डबा रस्त्याच्या पुलाखाली पाईपात ठेवला. आमचा सकाळचा चहा संपायच्या आत सापडला.

मग माझा रविवार आला. मी जागांचा विचार करून थकले. पडीक विहीर, तर साप. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग, तर विंचू. टेकडीवरची कपार, तर चिमीला घेऊन चढायचं कसं. माझी सासू, बिजलीबाई, तिला आम्ही सगळे याडी, म्हणजे आईच, म्हणतो, माझं तोंड पाहून म्हणाली, “भांडं लपवायले जंगलात कायले जातं वं? बायकाईच्या मंधात ठेव. बाप्ये तिथं पाहत नाहीत.”

भांडं म्हणजे होळीतलं. आमच्यात होळीला बायका गोडाधोडाचं भांडं राखतात, हातात काठ्या घेऊन. बाप्यांनी ते पळवायचं आणि बायकांनी त्यांना झोडपायचं. शेवटी फाग दिल्याशिवाय, म्हणजे बायकांचा मान म्हणून काही हातावर ठेवल्याशिवाय, त्यांची वाट सोडायची नाही. याडीने तरुणपणी फार जणांच्या पाठी सुजवल्यात, असं सासरे सांगायचे.

त्या दिवसांत आमच्या वावरात फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर पुन्हा फुटलेला, शेवटचा कापूस वेचणं चालू होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना निंब आहे. वेचायला आलेल्या बायका त्याच्याच फांदीला लुगड्याची झोळी बांधून लेकरं निजवतात. मी दोन झोळ्या बांधल्या. एकीत चिमी. दुसरीत गोधडीत गुंडाळलेला डबा, आणि त्याची बारीक तार झोळीच्या दोरीला वेढे देत वर फांदीपर्यंत नेलेली. त्या डब्याची ताकद खिशातल्या मोबाईलपेक्षा कमी असते हे मी शिकलेय. तरी दुसरी झोळी मी लांबच्या फांदीला बांधली. डिग्री तिच्या जागी, आई तिच्या जागी. फांदीवर मुंगळे नाहीत ना ते दोनदा पाहिलं. पाण्याची बाटली, तापाचं औषध, वाळके लंगोट सगळं जवळ घेतलं.

आणि समोरच देवसिंगचं टिनाचं शेड होतं. लोखंडी पत्र्यावर आदळून डब्याचा आवाज परततो, पिवळ्या उन्हात आरशाने कवडसा पाडावा तसा. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज शेडातूनच येतोय. ते मात्र मी बी.एस्सी.च्या डोक्याने हेरलं होतं.

साडीवर राजकुमारचा जुना फुल शर्ट चढवला, जसा सगळ्याच वेचणाऱ्या बायका घालतात. डोक्याला दुपट्टा बांधून कपाळापर्यंत ओढला, कमरेला कापसाची ओटी. क्लबमध्ये मला सगळ्यांनी ड्रेसवर पाहिलेलं. बस, तेवढंच केलं मी. मिशा लावल्या नव्हत्या.

ते आले. गाड्या तांड्याशी लावून रांगेने वावरात उतरले. लोखंडी मोजपट्टीचे तुकडे पाईपला बांधून केलेले ॲण्टेना हातात, कानाला हेडफोन. हात लांब करून सावकाश गोल फिरायचे, थांबायचे, मान तिरपी करायचे. बायकांचे वेचणारे हात थांबले. शेजारची कौसल्या पोटुशी होती, तरी वेचायला आली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, हे तं पाणी पाहून राह्यले. आमच्याकडे बोअर मारायच्या आधी पाणी पाहणारा बोलावतात, तो हातावर नारळ घेऊन असाच फिरतो. आणि मी अडवायच्या आत तिने मंदारला हाक मारली, भाऊ, आमच्या वावरात बी येऊन पाहा ना, बोअर कुठं लागन? मंदारने हेडफोन काढून तिला फार नम्रपणे सांगितलं की ताई, आम्ही पाणी नाही, रेडिओ शोधतोय. कौसल्या म्हणाली, रेडिओ हरवला तं नवा घ्या ना भाऊ, इतक्या उन्हात कायले फिरता. बायकांनी पदर तोंडात कोंबले.

अर्धी सकाळ त्यांनी देवसिंगच्या शेडात घालवली. मी मधूनमधून चिमीच्या झोळीला झोका देऊन येत होते. गव्हाणी उपसल्या, कुटाराची पोती हलवली. देवसिंगची म्हैस बिथरली तेव्हा बाहेर आले, पायजमे शेणाने भरलेले. मग काकांना शंका आली असावी. ते ॲण्टेना घेऊन शेडाकडे पाठ करून उभे राहिले आणि हळूहळू निंबाकडे चालायला लागले. मंदार त्यांच्या मागे.

आणि नेमकं तेव्हाच चिमी उठली, घाबरून भोकाड पसरलं तिने.

मी धावत गेले, तिला झोळीतून काढलं, निंबाच्या बुडाशी बसून, शर्टाची बटणं सोडून पदराखाली घेतलं. दोन्ही पुरुष जागच्या जागी थांबले. काका दहा-बारा हातांवर होते. त्यांच्या हेडफोनमधून टीटी-टी मला सुद्धा ऐकू येत होतं, इतका मोठा आवाज. मान वर केली असती तर दोरीवरची तार दिसली असती. त्यांनी मान खाली घातली.

मंदार तोंड दुसरीकडे करून म्हणाला, “ओ मावशी, इकडून एखादी शिकलेली पोरगी गेली का? कडेवर लहान मूल असेल.”

तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा आहे. दर बुधवारी आम्ही सेटवर बोलतो. माझा आवाज ओळखेल म्हणून मी तोंड उघडलं नाही. फक्त मान हलवली, नाही. एखादी शिकलेली पोरगी तिकडून गेलीच नव्हती. बसली होती.

“चल रे,” काका त्याला म्हणाले, “बाई माणूस आहे, लेकरू पीत आहे.” आणि पाठ फिरवून निघाले. जाताना त्यांनी एकदाच वळून झोळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण ते गेले.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मी दुपट्टा सोडला, दुसऱ्या झोळीतून डबा काढला आणि चिमीला कडेवर घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते शाळेच्या ओट्यावर बसले होते. याडी आणि बायका माझ्यामागे. कोणीतरी हसलं, टाळ्या पडल्या. मग मंदार उठला.

“हे नियमात बसत नाही,” तो म्हणाला. “जिथे माणूस जाऊ शकतो अशी जागा हवी. पदराखाली लेकरू घेऊन बसलेल्या बाईपाशी सभ्य माणूस जाऊच शकत नाही. तुम्ही त्याचा फायदा घेतला, वहिनी.”

“डबा माझ्या पदराखाली नव्हता,” मी म्हटलं. “माझ्यापासून चांगला लांब, दुसऱ्या फांदीला होता. जायचं नव्हतं तर विचारायचं होतं. बाई, त्या झोळीत काय आहे? एवढंच. मी खोटं बोलणार नव्हते. तुम्ही विचारलंत काय, तर माझाच पत्ता, तोही मलाच.”

“ओळखू येत नव्हतात तुम्ही.”

“चेहरा उघडाच होता माझा.”

तो बसला नाही. सेटचं पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू, म्हणाला. जागा योग्य होती की नाही यावर आधी चर्चा व्हायला पाहिजे. माना पुन्हा हलायला लागल्या. त्याच माना. काका जमिनीकडे पाहत होते.

मी डबा ओटीत टाकला आणि गाठ मारली. “ठीक आहे. मग डबाही पुढच्या मीटिंगनंतर.”

“डबा क्लबचा आहे.”

“सेटही क्लबचाच आहे.”

याडीला मीटिंग, नियम काही कळत नव्हतं, पण हे तिला बरोबर कळलं. ती पुढे आली आणि मंदारला म्हणाली, “फाग द्या, भांडं न्या. आमच्यात असंच असते, वकीलसाहेब.”

त्यांचा पुढचा मोठा खेळ मार्चमध्ये होता, नागपूर-अमरावतीचे लोक येणार होते, आणि डबा हा एकच. पंधरवडा फोनवर मेसेज येत राहिले. मी टेकडीवर गेले की सगळे एकदम टणटणायचे. वहिनी, हा आडमुठेपणा शोभत नाही. वहिनी, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईकडून अपेक्षा नव्हती. शिकलेली पोरगी त्यांना आता बरी सापडली. राजकुमारसुद्धा कचरला. घाटंजीला त्याची गाडी चालते, शहरातल्या लोकांशी वाकडं नको वाटतं त्याला. म्हणाला, देऊन टाक ना वापस, आपल्याले कायले पाह्यजे भांडण. मी म्हटलं, मागच्या भादव्यात टेकडीवर तूच घसरत होतास ना? पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. मला भीती वाटत नव्हती असं नाही. क्लबातून काढलं तर काय, लायसनवर काही बालंट आलं तर काय, रात्रंदिवस तेच. पण डबा पेटीत होता आणि किल्ली माझ्या मंगळसूत्रात.

एका सकाळी एसटीतून काका उतरले. एकटे, उन्हात, मांडीवर धरून आणलेला सेट रत्नप्रभाकाकूंच्या शालीत गुंडाळलेला. राजकुमारने तांड्यातल्या खेमसिंगकडून बांबू आणला, आम्ही वर ॲण्टेना चढवला. काकांनी स्वतः जोडणी केली, पहिला कॉल मला करायला लावला. बोरी अरबहून मंदारनेच उत्तर दिलं. म्हणाला, आवाज स्वच्छ येतोय, वहिनी. मी म्हटलं, तुमचाही. एवढंच. नंतर तो नीट वागला, हे मला सांगितलं पाहिजे.

डबा काकांच्या हातात दिला तेव्हा ते म्हणाले, “मी पाहिलं होतं, अंजू. एका झोळीला तू झोका देत होतीस. दुसरीला कोणीच हात लावत नव्हतं. लेकरू असतं तर कोणीतरी हलवली असती.” त्यांनी डबा पिशवीत ठेवला. “विचारायला तोंड झालं नाही.”

चहा घेऊन निघताना त्यांनी चिमीच्या हातावर दहाची नोट ठेवली. याडी म्हणाली, हा खरा फाग.

पावसाळा लागला. कौसल्याला कळा सुरू झाल्या तेव्हा नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. मी सेटवर हाक दिली, काकांनी यवतमाळहून ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती पलीकडच्या काठाला येऊन थांबली आणि आमच्या बाप्यांनी पाणी जरा उतरल्याबरोबर कौसल्याला बाजेवर पलीकडे नेलं. पोरगा झाला. दोघं बरी आहेत. हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. थोडं फुशारकीसाठीही सांगते.

रोज दिवेलागणीला आमची हजेरी असते. काका एकेका गावाला हाक मारतात, आपण उत्तर द्यायचं. आमची पाळी आली की तांड्याचं नाव घ्यायच्या आधी ते विचारतात, चिमी कशी आहे. मग पाऊस, मग नाला. एकही दिवस चुकला नाही.

परवा हजेरी झाली नाही. मी वाट पाहिली, मग मीच हाक मारली. नुसती खरखर. काल पुन्हा तेच. टेकडीवर चढून फोन केला, बंद आहे. मंदारला सेटवर सांगितलं, तो आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आला. म्हणाला, वहिनी, समोर कुलूप आहे, कुठे नातेवाइकांकडे गेले असतील, काळजी करू नका.

कुलूप तिथे नेहमीच असतं. काकू गेल्यापासून काकांनी समोरचं फाटक उघडलेलं नाही. ते मागच्या अंगणातून ये-जा करतात. मी मंदारला पुन्हा सांगितलं, मागून जा. तो म्हणाला, कोर्टातून सुटलो की संध्याकाळी पाहतो, कोणाच्या घराच्या मागे असं एकदम जायला बरं दिसत नाही.

नाल्याला पाणी आहे. मी जाऊ शकत नाही. म्हणून हे सगळं लिहून राजकुमारच्या फोनमध्ये दिलंय, तो टेकडीवर पोचला की तुमच्यापर्यंत पोचेल. तुम्ही यवतमाळला असाल तर आर्णी रोडच्या बाजूला जा. ज्या घराच्या गच्चीवर पाईपला लोखंडी मोजपट्टीचे तुकडे बांधलेले दिसतील, ते घर. कुलूप पाहून परतू नका. उजव्या हाताच्या बोळातून मागे जा, पेरूचं झाड आहे, हिरवं दार आहे. काका हेडफोन लावून बसत असतील तर एका थापेला ऐकू येणार नाही, जोरात वाजवा. उत्तर आलं नाही तर खिडकीतून आत पाहा. बरं दिसेल की नाही याचा विचार करू नका. शेजारच्यांना विचारा, पुन्हा विचारा. आणि काका उठून दारात आले तर त्यांना एवढंच सांगा, की चिमी बरी आहे, आणि अंजू सेटपाशी बसली आहे.